ऑक्साइडकणांनी बळकट केलेले निकेल अतिमिश्रधातू

निकेलच्या मिश्रधातूत ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सर्वत्र विखरून तो अतिउष्णतेत भार पेलेल असा करण्याची पद्धत. अशा धातूंना ओडीएस (ऑक्साइड डिस्पर्शन स्ट्रेंग्थन्ड) म्हणतात.

जेट इंजिनाच्या पात्यांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या निकेल अतिमिश्रधातूंना बळ देतात ते गॅमा प्राइम या निकेल-ॲल्युमिनियम संयुगाचे कण. साधारण १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कण भराभर जाडे होतात, आणखी तापवले की निकेलमध्ये विरघळून जातात. इट्रियम ऑक्साइड, म्हणजे इट्रिया, मात्र विरघळत नाही. या पद्धतीचे सारे सामर्थ्य आणि साऱ्या अडचणी यातूनच येतात.

तापलेला धातू सततच्या भाराखाली हळूहळू ताणला जातो. याला क्रीप म्हणतात. स्फटिकातील डिसलोकेशन नावाचे रेषादोष सरकत राहिल्याने हे घडते. वाटेत ऑक्साइडचा कण आला की अशा रेषेला त्याला वळसा घालून चढून जावे लागते. विलक्षण गोष्ट अशी की चढून गेल्यावरही ती कणाच्या पलीकडच्या पृष्ठभागाला धरून राहते, आणि खरा अडसर बहुधा तिथून सुटण्याचाच असतो.

न विरघळणारा कण वितळलेल्या धातूत मिसळणार कसा? तो हलका असल्याने तरंगून मळीत जातो. ड्यूपाँ कंपनीने १९६०च्या दशकात थोरिया, म्हणजे थोरियम ऑक्साइड, घातलेले टीडी निकेल रासायनिक मार्गाने बनवले. पण थोरियम किरणोत्सारी. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या जॉन बेंजामिन यांनी त्याच दशकात धातू न वितळवताच वाट काढली. धातूंची भुकटी आणि इट्रिया पोलादी गोळ्यांच्या चक्कीत तासन्‌तास दळायचे. कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, तुटतात, पुन्हा चिकटतात. चिरोट्याच्या पोळीला साटा लावून घड्या घालत लाटावे, तसा इट्रिया थराथरांत जिरतो. मग ही भुकटी डब्यात बंद करून तापवून दाबाने साच्यातून ढकलतात. शेवटच्या तापवणीत लांबट, भरड स्फटिक वाढवतात, कारण स्फटिकांमधल्या, भाराच्या दिशेला आडव्या सीमा क्रीपमध्ये सर्वांत आधी दगा देतात.

एमए ७५४ हा यातील नामांकित धातू. त्यात सुमारे २० टक्के क्रोमियम आणि अवघा ०.६ टक्के इट्रिया असतो. इंजिनातील स्थिर पात्यांसाठी तो वापरला गेला. मधल्या तापमानांत मात्र गॅमा प्राइमचे एकस्फटिक धातू याच्यापेक्षा बळकट ठरतात. शिवाय नेहमीच्या वेल्डिंगने धातू वितळताच कण गोळा होतात आणि जोडापाशी बळ हरपते.

लेझरने थरावर थर वितळवून वस्तू घडवण्याच्या तंत्राने आता हीच अडचण वेगळ्या रीतीने ओलांडली आहे. नासाने जीआरएक्स-८१० या निकेल-कोबाल्ट-क्रोमियम धातूची भुकटी आधीच इट्रियाच्या नॅनोकणांनी मढवली. वितळलेला ठिपका इतक्या झटकन थिजतो की कणांना तरंगायला वेळच मिळत नाही.