हेरिंगबोन: सरळ सांधा मोडणारी नक्षी

पेव्हर ब्लॉकचे अंगण, लोकरी कोटाचे कापड, जुन्या वाड्या-महालांतली लाकडी जमीन आणि गिरणीतले दातेरी चाक या सगळ्यांत हेरिंगबोन नक्षी सापडते. आयताकृती तुकडे एकमेकांशी काटकोनात, एकाचे टोक शेजारच्याच्या कुशीला टेकवून लावत गेले की हेरिंग माशाच्या काट्यासारखी तिरकी नागमोड उठते. शेव्हरॉन हा तिचा जवळचा नातलग, आणि विक्रेतेसुद्धा दोघांत सर्रास गल्लत करतात. शेव्हरॉनमध्ये तुकड्यांची टोके तिरपी कापलेली असतात, त्यामुळे ती एका सरळ रेषेत मिळतात. हेरिंगबोनमध्ये टोके चौकोनीच राहतात आणि ती रेषा मोडते. या नक्षीचा उपयोग मुख्यतः या मोडण्यातच आहे.

वीटकामात ती फार जुनी. इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात मेसोपोटेमियातले गवंडी खालून सपाट आणि वरून फुगीर अशा विटा तिरक्या उभ्या करून, दर थराला कल उलटा घेत भिंती रचत. रोमन लोकांनी ती जमिनीसाठी उचलली. त्यांचे नाव होते ओपस स्पिकाटम, म्हणजे कणसासारखे काम. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसच्या ग्रंथात अशा विटांच्या जमिनीचा उल्लेख आहे, आणि रोममधल्या ट्रेजनच्या बाजारात ती आजही पाहता येते.

‘हेरिंगबोन म्हणजे मजबुती’ असे सरसकट सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. जमिनीवर आडवा रेटा आला की प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला अडतो आणि नक्षी टिकते. उभ्या भिंतीत वरून भार आला तर तेच तिरके दगड बाजूला पसरू पाहतात. इंग्लंडमध्ये टॅमवर्थच्या किल्ल्यासारख्या नॉर्मन काळातल्या (अकराव्या-बाराव्या शतकातल्या) भिंतींत हे काम दिसते. तिथे त्याचा फायदा वेगळा होता: चपटे, ओबडधोबड दगड न घडवता झपाट्याने बसवता येत.

या नक्षीचा सर्वांत धाडसी वापर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर झाला. आतून सुमारे ४५ मीटर रुंद असलेल्या घुमटाला खालून लाकडी सेंटरिंगचा आधार देणे जवळपास अशक्य होते. फिलिपो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो आधाराशिवाय बांधला. आत झुकत जाणाऱ्या थरांत ठरावीक अंतरावर त्याने विटा उभ्या लावल्या. या उभ्या विटा थराला फोडत, वर चढत जातात आणि ओला चुना घट्ट होईपर्यंत मधल्या आडव्या विटांना घसरू देत नाहीत. घुमट आतून चित्रांनी झाकल्यामुळे ही रचना पाहणाऱ्याच्या नजरेस सहसा पडत नाही.

कापडातली नक्षी दिसायला तशीच, पण घडते निराळ्या तऱ्हेने. ट्विल विणीत बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा दर ओळीला एक घर सरकतो म्हणून तिरकी रेघ उमटते. ठरावीक धाग्यांनंतर ही दिशा उलटवायची आणि उलटवताना रेघ तोडायची, की हेरिंगबोन तयार. आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात सापडलेला कांस्ययुगाच्या अखेरचा घोड्याच्या केसांचा गोंडा याच विणीचा आहे. पुढे ट्वीड या जाडसर लोकरी कापडामुळे ती इतकी रुळली, की अनेकांना हेरिंगबोन म्हटले की कोटच आठवतो.

लाकडी फरशीत ती युरोपातल्या महालांतून पसरली आणि एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या घरांची ओळखच बनली. आखूड फळ्याही तिच्यात खपतात.

यंत्रात तिरक्या दात्यांचे चाक आवाज कमी करते, पण आसाला एका बाजूला ढकलत राहते. उलट्या कलाचे दाते जोडले की दोन्ही रेटे एकमेकांना मारतात. पोलंडमध्ये अशी चाके पाहून आंद्रे सित्रोएनने त्यांचे उत्पादन सुरू केले. त्याच्या मोटारींवरचे दुहेरी बाणासारखे चिन्ह त्या दात्यांचेच.

वाहने ये-जा करतात तिथे पेव्हर ब्लॉकसाठी आजही हीच मांडणी पसंत करतात. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक ब्रेक आणि वळणांच्या रेट्याने सांध्यावरून सरकत जातात. बागेतल्या पाऊलवाटेला मात्र तिची गरज नसते; तिथे ती निव्वळ हौस, आणि कडेला ब्लॉक कापावे लागल्याने थोडी नासाडीही.

२००२ मध्ये संशोधकांनी केसाएवढ्या बारीक नळीच्या तळाशी याच आकाराच्या खाचा कोरल्या. इतक्या अरुंद जागेत दोन द्रव शेजारून संथ वाहतात, मिसळत नाहीत. या खाचा प्रवाहाला पीळ देऊन ते मिसळवतात.