‘ऑन बीइंग’ : मठाच्या आवारातून पॉडकास्टपर्यंत

सर्जनशीलता आणि अंतर्मन यांविषयीच्या निवांत, दीर्घ मुलाखती ही पॉडकास्टची देणगी आहे, असा समज आता रूढ झाला आहे. ‘ऑन बीइंग’ या अमेरिकी कार्यक्रमाच्या बाबतीत मात्र तो खरा नाही. त्याचे मूळ मिनेसोटा राज्यातील कॉलेजव्हिल येथे, बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाच्या मठाच्या आवारातील एका अभ्यास-संस्थेत आहे.

या कार्यक्रमाच्या निर्मात्या आणि मुलाखतकार क्रिस्टा टिपेट यांचे आजोबा ओक्लाहोमात बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्या स्वतः १९८० च्या दशकात फाळणी झालेल्या बर्लिनमध्ये आधी पत्रकार आणि पुढे अमेरिकी राजनैतिक सेवेत होत्या. तेथील राजकारणाने न सुटलेले प्रश्न घेऊन त्या येल विद्यापीठात ईश्वरशास्त्राकडे वळल्या आणि १९९४ मध्ये पदवी मिळाल्यावर कॉलेजव्हिलच्या संस्थेसाठी मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेऊ लागल्या. वक्त्याने सिद्धान्त मांडण्याऐवजी स्वतःच्या आयुष्यातून, प्रथमपुरुषी बोलावे, हा त्या संस्थेचा शिरस्ता होता. पाहुण्याला सुरुवातीलाच बालपणीच्या धार्मिक किंवा आध्यात्मिक वातावरणाविषयी विचारण्याची टिपेट यांची रीत याच शिरस्त्याशी जुळणारी आहे. मते विचारली की माणूस बाजू घेतो, बालपण विचारले की आठवू लागतो.

मिनेसोटा पब्लिक रेडिओवर ‘स्पीकिंग ऑफ फेथ’ (श्रद्धेविषयी बोलताना) या नावाने सुरू झालेला त्यांचा कार्यक्रम २००३ पासून देशभर दर आठवड्याला ऐकू येऊ लागला. पुढे भौतिकशास्त्रज्ञ, कवी, चित्रकारही पाहुणे म्हणून येत गेले, तेव्हा ते नाव अपुरे पडले आणि २०१० मध्ये बदलून ‘ऑन बीइंग’ झाले. आयरिश कवी-विचारवंत जॉन ओडोनोह्यू यांची सौंदर्यावरील मुलाखत त्यांच्या मृत्यूनंतर प्रसारित झाली. मुलाखती क्वचितच देणाऱ्या अमेरिकी कवयित्री मेरी ऑलिव्हर २०१५ मध्ये येथे बोलत्या झाल्या.

पॉडकास्टने यात भर घातली ती वेळेच्या मोकळिकीची. रेडिओसाठी संभाषण तासाभरात बसवावे लागे. इंटरनेटवर मात्र संपादित भागासोबत मूळ, न कापलेले ध्वनिमुद्रणही मिळू लागले. त्यातील चाचपडणे, थांबणे, पुन्हा सुरुवात करणे हे अंतर्मनाच्या विषयाला नेटक्या आवृत्तीपेक्षा अधिक साजेसे वाटते. २०१३ मध्ये कार्यक्रम स्वतंत्र झाला, २०१४ चे राष्ट्रीय मानव्यविद्या पदक टिपेट यांना मिळाले आणि २०२२ मध्ये साप्ताहिक रेडिओ प्रसारण थांबवून त्यांनी पॉडकास्टचे मोजके हंगाम करण्याचा मार्ग पत्करला.