लहान मुलांचा बिनदुधाचा आहार (खानदेश)

लहान मुलांचा बिनदुधाचा आहार : गाय, म्हैस, शेळी यांचं दूध आणि त्यापासून बनलेलं दही, ताक, पनीर, खवा, दूध पावडर असं सगळं बाजूला ठेवून वाढत्या लेकराला जेऊ घालायची पद्धत. आईचं दूध यात मोडत नाही, ते चालूच ठेवायचं असतं. हे पहिल्याच ओळीत सांगावं लागतं कारण डॉक्टर 'दूध बंद करा' म्हणाले की घरची मंडळी सगळ्यात आधी अंगावरचं दूध तोडतात आणि नेमकं तेच करायचं नसतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त, हा नियम या मुलांनाही तसाच लागू आहे.

खानदेशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हा आहार ऐकायला जितका अवघड वाटतो तितका करायला नाही. आपलं रोजचं जेवण बघा ना, कळण्याची भाकरी, उडदाची नाहीतर तुरीची डाळ, भरीत, शेवभाजी, गिलक्याची भाजी, पाटोडीचा रस्सा, शेंगदाण्याचं तेल, यात दूध आहे कुठे? दूध येतं ते लेकरांच्या ताटात आणि सणाच्या ताटात. उष्टावणाला खीर, रोज संध्याकाळी दूध-पोळी, सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, केळ्याचं शिकरण, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आंब्याच्या रसात घातलेलं दूध, उन्हाळ्यात कुरडया घालायच्या दिवशी गव्हाच्या गरम चिकावर दूध-साखर. म्हणजे मोठ्यांचं जेवण आधीच बरंचसं बिनदुधाचं आणि ज्याला दूध सोसत नाही त्या लहानग्याच्याच वाटीत दूध.

दूध बंद करायची वेळ मुख्यतः दोन कारणांनी येते आणि गावात दोन्हींना एकच वाक्य आहे, 'पोऱ्याले दूध पचत नही'. पण दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. पहिलं म्हणजे दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. केसीन आणि व्हे या प्रथिनांना शरीर शत्रू समजतं. यातही दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर असं होतं. दुसऱ्या तऱ्हेत काही तासांनी नाहीतर दोन-तीन दिवसांनी शीमधे रक्ताच्या रेषा, चिकट आव, न जाणारा इसब, वजन न वाढणं असं सावकाश दिसतं. ही ॲलर्जी साधारण पहिल्या वर्षातच कळते. दुसरं कारण लॅक्टोजचं, म्हणजे दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य आतड्याच्या अस्तरात तयार होतं, जुलाबात ते अस्तर खरवडलं गेलं की काही दिवस ते कमी पडतं आणि दूध प्यायलं की पोट फुगून आंबट पाणचट जुलाब होतात. हे बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत आपोआप नीट होतं. मोठेपणी हळूहळू येणारा लॅक्टोजचा त्रास तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलात क्वचितच असतो आणि जन्मतःच लॅक्टेज नसणं तर फारच दुर्मिळ.

फरक कशाला कळायला हवा तर पुढचं सगळं त्यावरच ठरतं. लॅक्टोजचा त्रास असेल तर थोडं दही चालतं, साजूक तूप चालतं कारण त्यात लॅक्टोज जवळपास नसतंच. ॲलर्जी असेल तर दही-ताकसुद्धा बंद, 'ताक म्हणजे काय दूध थोडंच आहे' हे इथे लागू पडत नाही, आणि तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तूपही नको. शेळीचं दूध हलकं असतं असं सगळीकडे सांगतात, पण गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना शेळीच्या दुधाचाही त्रास होतो कारण प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. म्हशीच्या दुधाचंही तसंच. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पोरांना जुलाब लागतात, त्या वेळी अंगावरचं दूध, ओआरएस आणि १४ दिवस झिंक हे महत्त्वाचं, घाईघाईने कायमचं दूध तोडायची गरज नसते. आणि दुधाने कफ होतो म्हणून नुसत्या सर्दी-खोकल्यासाठी वर्षानुवर्षं दूध बंद ठेवणं हे तर मला अजिबात पटत नाही, त्यात लेकराचं नुकसानच आहे.

निदान कसं करतात ते जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. माझी पुतणी, अमळनेरला असते, चार महिन्यांची असताना तिच्या शीमधे रक्त दिसायला लागलं. पोर फक्त अंगावर पीत होती. आधीच्या एका डॉक्टरांनी अंगावरचं दूध थांबवून डब्याचं पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं होतं, त्याने तर जास्तच झालं कारण साधा डबाही गाईच्याच दुधाचा असतो. नंतरच्या डॉक्टर बाईंनी उलट सांगितलं, बाळाला पाजत राहा, दूध तुम्ही सोडा. वहिनी म्हणाली, मी दूध पितेच कुठे, नुसता चहा घेते. तेच ते! दिवसाला चार कप चहा, वरणावर तूप, दुपारी ताक, बाळंतिणीचे लाडू, सगळं धरून बरंच दूध होत होतं. ते सगळं सोडल्यावर दहा-बारा दिवसांत रक्त थांबलं, मग डॉक्टरांच्याच सांगण्यावरून वहिनीने परत दुधाचा चहा सुरू केला आणि तिसऱ्या दिवशी रेषा परत आल्या. तेव्हा पक्कं झालं. दोन ते चार आठवडे बंद आणि मग मुद्दाम परत देऊन बघणं हीच सावकाशवाल्या ॲलर्जीची खरी परीक्षा आहे, रक्ताच्या तपासणीत ती दिसत नाही. लगेच सूज येणाऱ्या मुलाला मात्र परत देऊन बघायचा प्रयोग घरी कधीच करायचा नाही, तो हॉस्पिटलमधेच. आणि दूध पोटात जाऊन श्वास अडकला, पोर मलूल पडलं तर घरगुती उपाय न करता सरळ १०८.

आईने दूध सोडलं तर तिची काळजी वेगळी घ्यावी लागते, पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं त्यामुळे गोळ्या बहुतेक लागतातच. जिथे आईचं दूध नाहीच तिथे एक वर्षाच्या आत खास फॉर्म्युला (डब्यातली बाळाची पावडर) लागतो, ज्यात प्रथिनं बारीक तोडलेली असतात, आणि तेही सोसलं नाही तर अमिनो ॲसिडचा. हे डबे फार महाग आहेत आणि तालुक्याच्या गावी लवकर मिळत नाहीत, पण त्याच्या जागी भाताची पेज, साबुदाण्याचं पाणी किंवा घरचं शेंगदाण्याचं दूध तान्ह्या बाळाला देऊन भागत नाही, त्यावर बाळ वाढत नाही. सोयाचा फॉर्म्युला सहा महिन्यांच्या आत नको आणि काही मुलांना सोयाचाही त्रास होतो.

सहा महिन्यांनंतर खानदेशी स्वयंपाकघर खरं कामाला येतं. कळणं म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. ज्वारीत प्रथिनांमधला जो लायसिन नावाचा घटक कमी असतो तो उडदातून मिळतो, म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ही भाकरी लेकराला जास्त लागू पडते. फक्त पुष्कळ घरांत कळणं दळतानाच त्यात मीठ टाकतात, तर एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी बिनमिठाचं वेगळं दळून ठेवावं. आमची आई पुतणीला असं भरवायची : भाकरीचा कडक पापुद्रा काढून टाकायचा, आतला मऊ भाग गरम वरणात टाकून वर ताटली झाकायची, दहा मिनिटांनी बोटांनी कुस्करायचं, एकही गाठ राहिली तर परत कुस्करायचं, आणि वरून तुपाच्या जागी चमचाभर शेंगदाण्याचं घाण्याचं तेल. तेल विसरायचं नाही, दूध गेलं की त्याच्याबरोबर स्निग्धांशही जातो आणि लेकराचं पोट लहान असतं, थोड्या घासात जास्त ताकद जायला हवी.

नाचणीला इकडे नागली म्हणतात, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे ती पिकते. रात्रभर भिजवून, कपड्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळली आणि मलमलच्या कापडातून गाळली की बाळाचं सत्त्व तयार. मोड आणल्याने खीर पातळ होते पण कस तोच राहतो, आणि कॅल्शियम-लोह अडवून धरणारं धान्यातलं फायटेट कमी झाल्याने ते अंगी लागतं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधात १०० मिलीला १२०. हे आकडे वाचून लोक खूश होतात पण हिशोब इथेच चुकतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम हवं. दीड-दोन वर्षांचं पोर दिवसभरात नागलीचं पीठ खाऊन खाऊन खाणार किती, तीस ग्रॅम, म्हणजे शंभरच्या आसपास मिलिग्रॅम. त्यात चमचाभर तिळाची पूड म्हणजे पन्नास-साठ, वरणात टाकलेला मूठभर शेवग्याचा कोवळा पाला म्हणजे अजून तीस-चाळीस. डाळ-भाजी धरून कसंबसं निम्म्यावर येतं. उरलेलं कॅल्शियम घातलेल्या सोया ड्रिंकमधून किंवा औषधातून भरावं लागतं. नुसतं 'आम्ही नागली देतो ना' म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

रावेर-यावलची केळी घरोघरी असते आणि ती उत्तमच, पोटभर ताकद देते, पण तिच्यात कॅल्शियम जवळपास नाही, म्हणून दुधाऐवजी केळं हा बदल होऊ शकत नाही. शिकरण मात्र नारळाच्या दुधात नाहीतर शेंगदाण्याच्या दुधात छान होतं. शेंगदाणे आठ तास भिजवून, सालं काढून, वाटून, गाळून एक उकळी आणायची. हेही चवीला आणि स्वयंपाकाला, मुख्य पेय म्हणून नाही. शेंगदाण्याची स्वतःची ॲलर्जी असू शकते त्यामुळे पहिल्यांदा अगदी थोडं द्यायचं, इसब जोरात असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचाच नाही, घशात अडकतो. तांदळाचं दूधही लहान मुलांना रोजचं पेय म्हणून नको, तांदळातलं आर्सेनिक त्यात येतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बी-१२ कडे. ते वनस्पतीत नसतं. अंडी-मासे खाणाऱ्या घरात निभावतं. पण मुक्ताईनगरच्या बाजूला माळकरी घरं भरपूर, तिथे बी-१२ येतं ते दुधातूनच, आणि दूधच बंद झालं तर लेकराला आणि पाजणाऱ्या आईला दोघांनाही थेंब किंवा गोळी लागणारच. बी-१२ फार कमी पडलं तर तान्हं बाळ सुस्त होतं, मान धरलेली सोडून देतं, शिकलेलं विसरतं, इतकं ते गंभीर आहे. आपल्याकडे ऊन भरपूर म्हणून ड जीवनसत्त्वाचं सोडून देतात, पण पहिल्या वर्षात रोज ४०० युनिटचे थेंब सगळ्याच बाळांना सांगितलेले असतात, यांनाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं आणि कार्डावर रेघ चढते, ती रेघ सपाट व्हायला लागली की आहारात काहीतरी कमी पडतंय असं समजून लगेच दाखवायचं. नंदुरबारच्या आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत मुलांना अंडी नाहीतर केळी मिळतात, बिनदुधाच्या मुलासाठी त्यातलं अंडं हे फार मोलाचं.

बाहेरचं खाणं हा वेगळाच विषय. दहा रुपयांच्या ग्लुकोज बिस्किटातसुद्धा बहुतेक वेळा दुधाचे घन पदार्थ असतात. भारतात पाकिटावर ॲलर्जीचे घटक लिहिणं बंधनकारक आहे, तिथे मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज यातलं काहीही दिसलं की ठेवून द्यायचं. सोया-बदामाच्या पाकिटावर 'मिल्क' न लिहिता ड्रिंक किंवा बेव्हरेज लिहितात, ते घेताना कॅल्शियम घातलंय का ते बघायचं, आणि पाकीट हलवून ओतायचं कारण कॅल्शियम तळाशी बसतं. लग्नात, कानबाईच्या जेवणात, वाढदिवसाला मायेने कुणीतरी पेढ्याचा कण तोंडात घालतंच, 'एवढ्याशाने काय होतं' म्हणत. ज्याला लगेच सूज येते त्याला एवढ्याशानेच होतं. म्हणून आजी, मावशी, शेजारची काकू, अंगणवाडीताई सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचं, लाजायचं नाही. पुरणपोळी कटाच्या आमटीशी खाल्ली तर त्यात दूध लागतच नाही, गव्हाचा चीकही तेल-मीठ किंवा गुळाबरोबर मस्त लागतो.

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, काहींची पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच. म्हणून दूध कायमचं बंद असं धरून चालायचं नाही, निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी किंवा नऊ ते बारा महिन्यांच्या वयात डॉक्टर परत देऊन बघायला सांगतात. सुरुवात भट्टीत खरपूस भाजलेल्या पदार्थापासून, कारण पिठात मिसळून बराच वेळ भाजलेलं दूध जास्त मुलांना सोसतं, मग कमी वेळ भाजलेलं, मग दही-पनीर आणि शेवटी साधं दूध. पुतणीला चौदाव्या महिन्यात दुधाच्या बिस्किटाचा चतकोर तुकडा दिला, तीन दिवस शी तपासली, काही नाही, मग अर्धं, मग पूर्ण. साधं दूध प्यायला पुढे आणखी पाच महिने लागले.