घासलेला हेडलाइट पुन्हा पिवळा का पडतो?

टूथपेस्टने हेडलाइट नवाकोरा करून दाखवणारे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतात. ते खोटे नसतात. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची किंवा सिलिकाची बारीक पूड असते, तिने घासलं की हेडलाइट खरोखर उजळतो. पण काही महिन्यांत तो पुन्हा पिवळट, धुरकट होतो. कारण ती नुसती वर बसलेली घाण नसतेच. हेडलाइटला ऊन बाधलेलं असतं.

पद्मिनी, अॅम्बेसेडरचे हेडलाइट काचेचे होते. दगड लागला तर फुटत, पण पिवळे पडत नसत. आताच्या गाड्यांना पुढचं कव्हर पॉलिकार्बोनेटचं असतं. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी आणि जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे बनवलं. हलकं, चिवट, हवा तो आकार घेणारं. मात्र ओरखडे आणि अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कठीण पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा थर झिजतो, सोलवटतो आणि आतलं प्लॅस्टिक उघडं पडतं.

पॉलिकार्बोनेटच्या लांब साखळीत बेंझिन वलयांच्या मध्ये कार्बोनेट गट असतात. अतिनील किरणांच्या ऊर्जेने तिथला बंध तुटतो आणि सुटलेला भाग त्याच वलयावर शेजारच्या जागी जाऊन बसतो. याला फोटो-फ्रीस पुनर्रचना म्हणतात. असे बदललेले रेणू निळा-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून प्लॅस्टिक पिवळं दिसतं. जोडीला हवेतला ऑक्सिजन साखळीतल्या मिथाइल गटांवर हल्ला करतो. साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि त्याला सूक्ष्म भेगा पडतात. पिवळेपणा येतो तो या रसायनामुळे, धुरकटपणा मुख्यतः भेगांमुळे आणि ओरखड्यांमुळे. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते या धुरकटपणामागचं भौतिकशास्त्र.

धुरकट हेडलाइटवर पाणी ओतून पाहा. ओला असेपर्यंत तो जवळजवळ स्वच्छ दिसतो, वाळला की पुन्हा पहिल्यासारखा. एखादा पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते त्याच्या अपवर्तनांकावरून कळतं. हवेचा अपवर्तनांक १ आणि पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५८, म्हणजे फरक ०.५८. भेगेच्या प्रत्येक उतारावर किरण वेगळ्याच दिशेला वळतो, आणि असे असंख्य उतार मिळून प्रकाश चहूकडे विखरून टाकतात. भेगांत पाणी शिरलं की (पाण्याचा अपवर्तनांक १.३३) तोच फरक ०.२५ वर येतो, शिवाय पाण्याचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तेलाचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास, त्यामुळे फरक आणखी कमी. वडे बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्यातून पलीकडचं दिसू लागतं, ते याच कारणाने. खोबरेल तेलाचा किंवा गंज काढायच्या स्प्रेचा ‘रामबाण’ उपाय एवढंच करतो, भेगा तात्पुरत्या भरतो. बाटलीवर ‘नॅनो’ लिहिलं म्हणूनही तुटलेल्या साखळ्या जुळून येत नाहीत.

हा विषय नुसत्या दिसण्याचा नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा खराब झालेले हेडलाइट नव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश देत होते. दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांवर गेला. शिवाय विखुरलेल्या प्रकाशातला काही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

घरी करायचं तर भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून ८०० नंबरने सुरुवात करा, मग १५००, २०००, ३०००. दर वेळी घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते कळतं. पहिल्या कागदानंतर हेडलाइट आधीपेक्षाही पांढरट दिसेल, तेव्हा घाबरून थांबू नका. पी ८००, म्हणजे ८०० नंबरच्या, कागदावरचा कण साधारण २२ मायक्रॉनचा असतो, पी २००० वरचा १० मायक्रॉनचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे तिच्यापेक्षा बरेच उथळ झाले की प्रकाश सरळ पार होतो. तेवढा गुळगुळीतपणा कागदाने येत नाही, म्हणून शेवटचा हात रबिंग कंपाउंडचा, म्हणजे पॉलिश करायच्या पेस्टचा. थिनर आणि अॅसिटोन लांब ठेवा, त्यांनी पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

टूथपेस्टवाले थांबतात ते इथेच, आणि खरं काम इथून पुढे आहे. घासताना कारखान्यातला उरलासुरला थरही निघून गेलेला असतो. त्याच दिवशी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट किंवा फिल्म लावली नाही, तर रसायन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा क्लिअर कोट) चांगला टिकतो, पण त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना घातक असतात आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही, तेव्हा तो गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडूनच मारून घ्यावा.

आणि पाणी ओतूनही हेडलाइट स्वच्छ दिसला नाही, तर भेगा खोल गेल्या आहेत किंवा धुरकटपणा आतल्या बाजूने आहे. तिथे बाहेरून घासण्यात वेळ घालवू नका, तो हेडलाइट बदलावाच लागतो.