नागपूरचा मे आणि हंड्रेडचं पेट्रोल

परवा भाच्याची नवी टर्बो गाडी घेऊन वर्धा रोडवरच्या पंपावर गेलो. दुपारचे तीन. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या पोराने नोझल उचलता उचलता विचारलं, "भाऊ, हंड्रेड टाकू का? गाडी उडते पाहा." भाचा लगेच तयार. मी त्याला आधी टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचायला लावला. आरओएन ९५, किमान. आरओएन म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा; पोराचं हंड्रेड म्हणजे हाच आकडा १०० असलेलं पेट्रोल.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा आपला लाडका गैरसमज. ऑक्टेनचा आकडा सांगतो तो पेट्रोलचा धीर: दाबलं, तापवलं तरी ठिणगी पडेपर्यंत ते किती दम धरतं. आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि चटकन पेटणाऱ्या हेप्टेनला ० मानून ही पट्टी आखलेली आहे.

पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण एक दशांश जागेत कोंबलं जातं. मग ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते, लवंगीच्या माळेसारखी, एकामागून एक. पण टोकाचं मिश्रण आधीच फार तापलेलं असेल तर ज्योत पोचायच्या आत ते आपसूक पेटतं; उरलेली अर्धी माळ एकदम फुटावी तसं. भरली गाडी चौथ्या गिअरमध्ये उड्डाणपुलावर चढवताना बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच. मेकॅनिक म्हणतो, इंजिन नॉक करतंय. रोज असं झालं तर पिस्टनचं काही खरं नाही.

आता यात नागपूरचा मे घाला. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. (२०२४ च्या मेमधला तो ५६ चा आकडा सोडा, यंत्रच बिघडलं होतं.) जानेवारीतल्या २७ अंशांच्या दुपारपेक्षा आत जाणारी हवा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर दहापट दाबल्यावर तो फरक ढोबळ गणिताने ४५ अंशांच्या आसपास जातो. टर्बो तर हवा आधीच दाबून आत ढकलतो. ती थंड करायला इंटरकूलर असतो खरा, पण त्याच्यावर वारा येणार तोही लूच.

इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ही थरथर टिपतो आणि गाडीचा संगणक ठिणगी किंचित उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पिकअप मात्र बसतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल उन्हाने नेलेलं तेवढंच परत देतं, आणि तेही इंजिनला तो फायदा उचलता आला तर. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलीत हंड्रेड टाकणं म्हणजे नुसती हौस.

ऑक्टेन आणि ऊर्जा यांचा संबंध नाही याचा पुरावा उसाच्या मळीत सापडतो. मळीपासून बनणाऱ्या इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलं की ऑक्टेन चढतो आणि ॲव्हरेज उतरतं. पूर्वी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत; आपल्याकडे ते २००० साली देशभर बंद झालं.

निवडताना फसगत होते ती नावात. 'प्रीमियम' म्हटलं की ऑक्टेन जास्तच, असं नाही; इंजेक्टर साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हने आकडा हलत नाही. एक्सपी९५, एक्सपी१०० अशा नावांत आकडाच असतो, तसं नसेल तर सरळ विचारा. शंभरवालं सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे समृद्धीवर निघायच्या आधीच पंपावर फोन केलेला बरा. आणि अमेरिकी व्हिडिओ पाहून ९१ वर जीव टाकू नका. तिथला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, त्यांचं ९१ म्हणजे आपलं जवळपास ९५-९६. टाकीत अर्धं ९५ आणि अर्धं १०० असेल, तर काम साधारण मधल्या आकड्याचं होतं.

माझं मत विचाराल तर भर मेमध्ये, पाच माणसं आणि सामान घेऊन लांब जायचं असेल, तर टर्बोवाल्याने स्टिकरच्या वरची एक पायरी घ्यावी. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायला शंभर कशाला?

भाच्याने ९५ चं सांगितलं. पोराने दुपट्टा नाकावर सरकवला, म्हणाला, "झीरो पाहून घ्या भाऊ."