१०.४९ आणि इंडियानापोलिसचा वारा

अमेरिकी ॲथलेटिक्समधल्या विक्रमांचा विषय निघाला की महिलांच्या १०० मीटरमधला १०.४९ सेकंदांचा आकडा येतोच, आणि त्याच्या पाठोपाठ वाद. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने तो १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिसला, ऑलिम्पिक निवड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत नोंदवला. बोलणे बहुतेक वेळा उत्तेजकांकडे वळते. तिथे संशय भरपूर आणि पुरावा शून्य. एकाही उत्तेजक चाचणीत ती दोषी आढळली नव्हती. वाऱ्याचे तसे नाही. त्याचे आकडे त्याच दिवशी, त्याच मैदानावर नोंदले गेले.

पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर निकाल धरला जातो, विक्रम नाही. या नियमाने अमेरिकेच्या मोठमोठ्या नावांना सोडलेले नाही. १९३६ मध्ये बर्लिनला जेसी ओवेन्सची १०.२ सेकंदांची धाव विक्रमात धरली गेली नाही, आणि १९६० मध्ये रोमच्या अंतिम फेरीत विल्मा रुडॉल्फने दिलेली ११.० ही वेळही नाही. टोकियोत १९९१ साली कार्ल लुईसने ८.९१ मीटर लांब उडी मारली ती २.९ च्या वाऱ्यात. उलट १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमनच्या ८.९० मीटरच्या वेळी वारा नोंदला गेला नेमका २.०, म्हणजे अगदी काठावर पास.

इंडियानापोलिसला त्या दिवशी वारा चांगलाच होता. पहिल्या फेरीत ग्रिफिथ-जॉयनर १०.६० मध्ये धावली, तेव्हा वारा ३.२. शेजारी तिहेरी उडी चालू होती. तिथे विजेत्याने १८.२० मीटर गाठले ते ५.२ च्या साथीने. १०.४९ च्या शर्यतीच्या सुमारास तिहेरी उडीच्या वारामापकावर ४.३ होते. धावमार्गाच्या वारामापकावर ०.०. पुढच्या उपांत्यपूर्व शर्यतीतही ०.०, आणि तिसरीत एकदम ५.०.

उपकरणाची तपासणी झाली, बिघाड सापडला नाही. वारा त्या वेळी आडवा वाहत असावा, असे स्पष्टीकरण पुढे आले, कारण मापक फक्त धावमार्गाच्या दिशेचा वारा मोजतो. आडवा वारा दोन शर्यतींपुरताच आला आणि तिसरीला सरळ झाला, हे पटवून घ्यायला बरीच उदारता लागते. १९९५ मध्ये एका अभ्यासकाने सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या. त्याच्या हिशेबाने त्या शर्यतीत पाठीमागचा वारा ५ ते ७ च्या दरम्यान होता. त्यानंतर आकडेवारीच्या प्रतिष्ठित वार्षिकात त्या नोंदीपुढे, वाऱ्याची मोठी साथ असण्याची शक्यता आहे पण विक्रम मान्य आहे, अशी टीप येऊ लागली. जागतिक पातळीवर विक्रम मात्र जसाच्या तसा राहिला. यंत्राची अधिकृत नोंद शेजारच्या यंत्राने खोटी ठरवता येईल, अशी सोय नियमांत नव्हती.

यात एक गोष्ट हमखास निसटते. १०.४९ काढून टाकले असते तरी जागतिक विक्रम तिच्याच नावावर राहिला असता. दुसऱ्याच दिवशी अंतिम फेरीत तिने १०.६१ ची वेळ दिली, वारा १.२, कोणाला बोट ठेवायला जागा नाही. आधीचा विक्रम १०.७६ होता. सोल ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी तिने १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकल्या, २०० मधली २१.३४ ची वेळ अजून कोणी मोडलेली नाही. १०० मध्ये पुढची ३३ वर्षे १०.६१ च्या खाली कोणी गेले नाही, म्हणजे तोवर या निर्णयाची किंमत कोणालाच मोजावी लागली नाही, म्हणून तो रेटून धरणे सोपे गेले.

किंमत चुकवली जमैकाच्या इलेन थॉम्पसन-हेराने. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने १०.६१ ची बरोबरी केली आणि तीन आठवड्यांनी, २१ ऑगस्ट २०२१ रोजी, अमेरिकेतच यूजीनला १०.५४ ची वेळ दिली. वारा ०.९. वारामापक १९८८ मध्ये खरे बोलला असता तर तो विश्वविक्रम ठरला असता. यादीत ती धाव आज दुसऱ्या क्रमांकावर आहे.