महापुरानंतरची साथ आणि पाचाचे गणित

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की ‘एखाद्या खमक्या अधिकाऱ्याने सगळी सूत्रे हाती घ्यावीत’ असे कोल्हापुरात हमखास ऐकू येते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांची ही अपेक्षा समजण्यासारखी आहे; परंतु पूर ओसरल्यावर गॅस्ट्रो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका उभा राहतो, तेव्हा कोणी कोणाला कळवायचे हे आधीच ठरलेले असणे एका माणसाच्या खमकेपणापेक्षा अधिक कामी येते.

समजा, मदतकार्यात २६ जण आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले, तर २६ गुणिले २५ भागिले २, म्हणजे ३२५ जोड्या होतात. त्याऐवजी एक प्रमुख, त्याच्या हाताखाली पाच गटप्रमुख आणि प्रत्येक गटात चार कार्यकर्ते नेमले, तर २५ दुवे पुरतात. माणसे दुप्पट झाली की जोड्या चौपटीहून अधिक वाढतात, दुवे मात्र दुपटीच्या आसपासच राहतात. १९७० साली कॅलिफोर्नियातील वणव्यांत निरनिराळ्या यंत्रणांचा मेळ बसला नाही; त्या अनुभवातून ही पद्धत आकाराला आली आणि एकाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच माणसे, असा दंडक पडला. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये ‘घटना प्रतिसाद प्रणाली’ (इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम) या नावाने तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत प्रत्यक्ष कार्य, नियोजन आणि रसद असे तीन विभाग असून जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

शिरोळ तालुक्यातील एखादे पूरग्रस्त गाव डोळ्यांसमोर आणा. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारा कर्मचारी, नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या तपासणी-रसायनाचे) थेंब टाकतो. पिवळी छटा आली, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग) पावडर कमी पडली किंवा जलवाहिनीत कुठेतरी घाण शिरते आहे. (तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झाले, हा समज या दिवसांत फार घातक ठरतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतील याची खात्री नसते.) समजा, रंग आला नाही आणि त्याच नळाच्या गल्लीत आशाताईंना घरोघरी विचारपूस करताना जुलाबाचे तीन रुग्ण सापडतात. पहिली नोंद पाणीपुरवठ्याकडे आणि दुसरी आरोग्य विभागाकडे गेली, तर दोन्ही किरकोळ वाटतात. नियोजन विभागाच्या एकाच टेबलावर, एकाच नकाशावर त्या शेजारी-शेजारी आल्या, तर गळती कोणत्या गल्लीत शोधायची हे कळते, आणि रसद विभागाने त्याच संध्याकाळी टँकर व टीसीएल कोठे पाठवायचे, हेही.